खोली तीनची घंटा

ही घडलेली गोष्ट आहे.

मी सतरा वर्षं बातम्या लिहिल्या. नाव, वेळ, ठिकाण तपासल्याशिवाय ओळ पुढे सोडायची नाही, ही सवय. ती मी एकदाच मोडली. ही त्या एका वेळची गोष्ट.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात असं वाचणाऱ्यांना वाटतं. ही दुपारी घडली. रविवार, १९ जानेवारी २०२५. मीरा रोड, बेव्हर्ली पार्क, आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तीन वाजून चाळीस मिनिटं.

पण सुरुवात आधीपासून करावी लागेल.

माझा धाकटा भाऊ समाधान कॉम्प्युटर इंजिनीअर. वरसाव्याच्या पुढे घोडबंदर रोडवर मासळीचं एक मोठं कोल्ड स्टोरेज आहे. नाव लिहीत नाही. तिथे त्याला काम मिळालं होतं. कंपनीचे जुने तेवीस सर्व्हर बंद करायचे आणि त्यांचं सगळं काम तीन नव्या मशीनमध्ये हलवायचं.

"म्हणजे वीस कॉम्प्युटर कमी?" मी विचारलं होतं.

"नाही रे दादा. तेवीसच राहणार. फक्त दिसणार नाहीत. मोठ्या मशीनच्या पोटात चालतील. आहेत, पण हात लावायला काही नाही."

तेव्हा मला ते गमतीचं वाटलं.

त्याने यादी केली. प्रत्येक सर्व्हर कोणत्या विभागाचा, ते सगळ्या साहेबांना ईमेल करून विचारलं. बावीस सर्व्हरना मालक सापडले. एकाला नाही.

सगळ्यात खालच्या कप्प्यातलं, धुळीने माखलेलं, छोटं काळं मशीन. वर नाव नाही. फक्त झावळीचा एक सुकलेला क्रूस चिकटपट्टीने लावलेला. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये देतात तसा.

अशा बेवारस मशीनसाठी या धंद्यात एक पद्धत आहे. बंद करायचं आणि वाट बघायची, कोण ओरडतंय. सात दिवसांत कोणी ओरडलं नाही, तर ते कोणाचंच नाही.

समाधानने ते ३० डिसेंबरला बंद केलं.

सात दिवस गेले.

कोणीच ओरडलं नाही.

त्याने त्यातलं सिमकार्ड कापून कचऱ्यात टाकलं आणि मशीन भंगाराच्या ढिगावर ठेवलं.

शुक्रवारी, १० जानेवारीला, सर्व्हर रूमच्या दारात मॅन्युएल अंकल आले. भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. वय सत्तावन्न. शीतखोल्यांचे सुपरवायझर. डोक्याला माकडटोपी, अंगात जाड जॅकेट.

"काय रं समाधान, तुझी खोली तर माझ्यापेक्षा थंड हाय! पापलेट ठेवू का आणून?"

"ठेवा ना अंकल. संध्याकाळी घरी नेतो."

"फुकटा हायस." ते हसले. मग रिकाम्या कप्प्याकडे बघून म्हणाले, "ती खालची मशीन न्हाय दिसत. तिचं काम चालू हाय ना?"

समाधान स्क्रीनवर होता. त्याने मान वर केली नाही.

"हो अंकल. सगळं नव्या मशीनमध्ये घेतलंय."

बस. एवढंच बोलणं झालं.

त्या मशीनचं काम काय होतं, हे त्याला दोन दिवसांनी कळलं.

प्रत्येक शीतखोलीत आतून घंटेचं एक लाल बटण असतं. आत कोणी अडकलं तर दाबायचं. दर वेळी बटण दाबलं की ते मशीन गेटवरचा भोंगा वाजवायचं आणि आतल्या सिमवरून चार जणांना मेसेज पाठवायचं; त्यांत एक मॅन्युएल अंकलच. वर्षानुवर्षं कोणी अडकलं नव्हतं. म्हणून सात दिवसांत कोणी ओरडलंही नव्हतं. आणि ईमेल गेला होता साहेबांना. शीतखोल्यांत काम करणाऱ्यांचे ईमेलच नव्हते.

रविवार, १२ जानेवारी. माणसं कमी. मॅन्युएल अंकल खोली तीनमध्ये तापमान बघायला एकटेच गेले. उणे अठरा. मागे दार लागलं. आतली कडी बर्फाने जाम.

ते संध्याकाळी सव्वासहाला सापडले. तोवर जीव गेला होता.

मी डेस्कवर होतो. पान साडेनऊला छपाईला सोडायचं होतं. आठ पन्नासला समाधानचा फोन आला.

"दादा, ती बातमी तुझ्याकडे येईल."

"आली आहे. घंटा होती ना आत?"



"होती. त्यांनी दाबलीच नाही म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"...सगळे."

मी भावाला जन्मापासून ओळखतो. तो आवाज मला कळला होता. पुढचा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता.

तो मी विचारला नाही.

बातमी चार ओळींची झाली. शेवटची ओळ अशी: 'सुरक्षा घंटा त्यांनी वाजवलीच नसल्याचे प्राथमिक माहितीतून समजते.'

त्या ओळीने काय केलं ते लिहायला हवं. कंपनीने तेच कात्रण पुढे करून हात झटकले. उत्तनमध्ये लोक बोलू लागले. घंटा समोर असून दाबली नाही? प्यायलेला असणार.

अंकल गेले त्याच रात्री समाधानने भंगारातून ते मशीन उचललं, स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणलं आणि चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. का आणलं, हेही मी त्याला विचारलं नाही.

आता तो रविवार.

जेवणं झाली होती. समाधान दिवाणावर पडला होता. मी पेपर चाळत होतो.

तीन चाळीसला त्याच्या फोनवर मेसेज आला.

त्याने वाचला... आणि फोन माझ्यासमोर धरला.

मेसेज इंग्रजीत होता. मराठीत एवढाच अर्थ: खोली तीन. आत माणूस.

"हा त्या मशीनच्या नंबरवरून आलाय," तो म्हणाला. "दादा, ते सिम मी कापलंय."

दुसरा आला. तोच.

मग माळ्यावरून आवाज आला...

भर्रर्र... जुना पंखा फिरतो तसा. थांबत थांबत.

त्या माळ्यावर वीज नाही. साधा प्लगही नाही.

आम्ही स्टूल लावलं. समाधानने चादरीला हात घातला आणि एकदम मागे ओढला. चादर कडक झाली होती. बर्फाच्या पेटीत राहिलेल्या फडक्यासारखी. मी ती सोडवली. मशीनवर पांढरा थर होता. झावळीचा क्रूस ओला, हिरवट... जणू आजच तोडलेली झावळी.

वायर कुठेच नव्हती.

मेसेज येत राहिले. मी मोजले. मोजण्याशिवाय मला काही सुचलं नाही. सुरुवातीला लागोपाठ. मग दोन मिनिटांनी. मग पाच मिनिटांनी...

शेवटचा चार वाजून बावन्न मिनिटांनी.

एकूण एकेचाळीस.

मग पंखा थांबला. थर वितळला. फरशीवर पाणी पडलं, त्याला मासळीचा वास होता.

समाधान भिंतीला टेकून बसला होता. "त्यांनी मला विचारलं होतं, दादा," तो म्हणाला. "दारात उभं राहून विचारलं होतं."

हे त्याने मला पहिल्यांदा तेव्हा सांगितलं.

पुढच्या तिन्ही रविवारी हेच झालं. तीच वेळ, तेवढेच मेसेज. मग समाधानने नोकरी सोडली. आजही तो घरातला फ्रीज उघडत नाही. पाणी दुसऱ्या कोणाला मागतो.

फेब्रुवारीत आम्ही दोघं उत्तनला गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. वाटेत मी वाक्यंही तयार केली होती. रविवार होता.

नोरा आंटींनी, मॅन्युएल अंकलच्या पत्नीने, दार उघडलं. चहा ठेवला. मला म्हणाल्या, "तूच ना पेपरवाला? तूच लिवलंस?"

"हो, आंटी."

"रविवारचा तो थेंब न्हाय घ्यायचा. चर्चला मिस्सा करून गेलेला कामाला. लोकांना सांगून तोंड दुखलं माझं."

मी कप हातात धरून बसलो.

मग त्यांनी आतून एक फोन आणला. मॅन्युएल अंकलचा.

"चार्ज करून ठेवते. पोराचे फोटो हायत त्यात. पण दर रविवारी दुपारचं काय तरी येतं. एकामागं एक. इंग्रजीत हाय. मला न्हाय वाचता येत. तू शिकलेला हायस. वाच बघू."

मी बघितलं.

खोली तीन. आत माणूस.

समाधानने माझ्याकडे पाहिलं. आंटी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. घंटा दाबली होती, आंटी. एवढंच.

"कंपनीचं काहीतरी आहे," मी म्हणालो. "जाहिरातीसारखं."

"मग बंद कर ते. घाबरायला होतं."

मी तो नंबर ब्लॉक केला. माझ्या हाताने.

बाहेर पडल्यावर समाधान एकटाच पुढे चालू लागला. तीन चाळीसला आम्ही भाईंदरच्या वाटेवर होतो. त्याचा फोन गप्प होता.

माझा वाजला.

तेव्हापासून मेसेज फक्त मला येतात. मशीन आता घरात नाही. समाधानने ते कुठे नेलं, तो सांगत नाही. नंबर दोनदा बदलून पाहिला. मेसेज का येतात, मला माहीत नाही. आंटींच्या फोनवर आता येत नाहीत, एवढं कळलंय. त्या माझे आभार मानतात.

चूक छापली तर खुलासा छापतात. खुलासा मी लिहून ठेवलाय. एका ओळीचा आहे: घंटा वाजवली होती, एकेचाळीस वेळा. दर सोमवारी वाटतं, आज पानात टाकू. पुराव्याला काय दाखवणार, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं कारण नाही. खाली समाधानचं नाव येईल, आणि त्याच्या शेजारी माझं.

ती ओळ अजून पानात गेलेली नाही.

कोणी ओरडलेलं नाही.