चौथी टाप

हे सांगायचं नाही, असं मला दोघांनी बजावलं आहे. भाईदासकाकांनी, कारण घोडेबाजाराच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला शाळेतल्या मुलीने हात लावला हे बाजार कमिटीला कळायला नको होतं. आणि अम्मीने, कारण मुलीचं नाव चारचौघांत घेतलं गेलं की ते घरी परत यायला वेळ लागतो. मी तशीही कमी बोलते. हजेरीला 'हजर' म्हणते, तेवढंच. पण न बोलणं वेगळं आणि बोलू न देणं वेगळं. म्हणून लिहिते आहे.

आम्ही नालबंद. माझे अब्बा, सलाउद्दीन, घोड्यांना नाल ठोकतात. दर डिसेंबरला सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेले घोडे तापीकाठच्या आमच्या गावात थांबतात, इथे दोन दिवसांचा छोटा बाजार भरतो, आणि मैदानातल्या निंबाखाली अब्बांची ऐरण असते. आधी दादाजींची असायची. गावाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक घोड्याचा फोटो बाजाराच्या ऑफिसात काढतात, गळ्यात नंबराची पाटी अडकवून.

गेल्या वर्षी नथ्थूआप्पांची मोरनी नावाची घोडी अब्बांकडे आली होती. काळी, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. अब्बांनी तीन पायांना नाल ठोकले. मागच्या डाव्या पायाचा खूर चिरलेला होता, म्हणून तो अनवाणी सोडला आणि सांगितलं, पंधरा दिवस हिला नाचवू नका. चौथ्या दिवशी सारंगखेड्यात ती गर्दीत नाचवताना कोसळली आणि पुन्हा उठली नाही. तिच्या चारही पायांत नाल होते. नालबंदाने खिळा जिवंत मांसात घातला, असं आप्पा सगळीकडे सांगत फिरले. अब्बा एकच म्हणत राहिले की तो चौथा नाल माझा नाही. गावातून निघतानाचा फोटो पाहिला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण त्या फोटोवर आलं की ऑफिसचा कॉम्प्युटर अडकून पडायचा. फोटो नाही, असं लिहून विषय मिटवला. यंदा आप्पा कमिटीचे मुख्य झाले आणि निंबाखालची जागा दुसऱ्याला द्यायचं ठरलं. अब्बांनी हत्यारांची पेटी उघडणंच बंद केलं होतं.

गुरुवारी दुपारी भाईदासकाका आमच्या गल्लीत आले. ते त्या ऑफिसचे क्लार्क. मला शाळेत कॉम्प्युटरचं बक्षीस मिळालं तेव्हा ते समोर बसले होते. मशीन बैलगाडीपेक्षा हळू चालतं, शहाद्याचा मेकॅनिक दोन दिवस येतो येतो म्हणतो आहे, शनिवारी बाजार आहे, आणि जुनं सगळं पुसून मशीन कोरं करा असा आप्पांचा हुकूम आहे, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. चार वाजता आप्पा स्वतः बघायला येणार होते. मलाच का, हे मी विचारलं नाही, तरी ते म्हणाले, "तू बोलस नही, म्हनीसन."

त्या मशीनमध्ये काय आहे, ते मला माहीत होतं. मी चप्पल घातली.

ऑफिस म्हणजे एक खोली. पूर्वी तिथे वैरण भरायचे. खिडकी एकच, तीही पोत्याने झाकलेली. पुसायच्या आधी जुने फोटो पेनड्राइव्हवर घेते, असं मी म्हटलं. काका म्हणाले घे, पण चारच्या आत. मग मला कुणी पाहू नये म्हणून त्यांनी बाहेरून कडी लावली आणि ते मैदानात फक्कीच्या रेघा मारायला निघून गेले.

मी सर शिकवतात त्याच क्रमाने गेले. टास्क मॅनेजर उघडला. मेमरी मोकळी होती, डिस्क मात्र शंभर टक्के. नको असलेले प्रोग्राम बंद केले, तरी शंभर. मशीन बंद करून सीपीयूचं झाकण काढलं, आतली धूळ आणि वैरणीचा भुसा झटकला, डिस्कची केबल काढून पुन्हा बसवली. पत्र्याच्या कडेने अंगठा कापला. बांधायला काही नव्हतं, म्हणून वेणीची लाल रिबीन सोडून गुंडाळली आणि दातांनी गाठ मारली. एक टोक लांब राहिलं, एक आखूड.

मशीन सुरू केलं. गेल्या वर्षीचे फोटो एकेक करून जाऊ लागले. एकशे अकरापर्यंत गेले. एकशे बारावर पट्टी थांबली.

आणि आवाज सुरू झाला.

खराब होत चाललेली डिस्क टकटक करते, हे मला ठाऊक होतं. ठक, ठक, ठक. मग थोडी जागा. पुन्हा ठक, ठक, ठक. मी फाइल रद्द करून पुन्हा लावली. तेच. तिसऱ्यांदा लावली आणि डोळे मिटून कान पत्र्याजवळ नेला. लहानपणी अब्बा मला दारात तसंच बसवायचे. घोडा गल्लीतून जाऊ दे, बघायचं नाही, कोणत्या पायाचा नाल ढिला आहे ते फक्त ऐकून सांगायचं. तीन टकटकींनंतर जागा नव्हतीच. तिथे चौथा आवाज होता, मऊ, जमिनीवर तळवा टेकावा तसा.

ठक, ठक, ठक… थप.

तीन नाल, आणि एक अनवाणी खूर.

तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, पंखा फिरत फिरत थांबला. खोलीत फक्त पोत्याच्या भोकांतून आलेले उजेडाचे ठिपके राहिले. वीज नसताना डिस्क फिरत नाही. हे मी परीक्षेत लिहिलं आहे, पूर्ण मार्क मिळाले आहेत.

ठक… ठक… ठक… थप.

खोलीला वैरणीचा वास होता, तो आता दुसऱ्याच वासाखाली दबला. ताजा तासलेला खूर, घाम, ओलं चामडं. आमच्या घरचाच वास तो. म्हणूनच बहुधा मी किंचाळले नाही. कडी बाहेरून होती, किंचाळून उपयोगही नव्हता. टेबलाखाली, माझ्या गुडघ्याजवळ, कुणीतरी नाकातून मोठा श्वास सोडला. गरम हवा पायाला लागली. मला रडू येत होतं, आणि रडू येतं याचाच राग येत होता. वर्षभर सगळे आम्हाला गप्प बसवत होते. आता ही मोरनीसुद्धा?

मी हात सीपीयूच्या आत घातला. डिस्क गार असायला हवी होती. ती कोमट होती आणि मधूनच थरथरत होती, माशी बसल्यावर घोड्याची कातडी थरथरते तशी. बिथरलेल्या जनावराला अब्बा काय म्हणतात ते मला पाठ आहे. खांद्यापासून हात खाली नेत जायचं आणि एकच गोष्ट म्हणत राहायचं.

"पैर दे, बेटा," मी म्हटलं. "पैर दे… मैं पकडती हूँ…"

टकटक थांबली. अंधारात माझ्या तळहातावर काहीतरी जड आलं. मी ते सोडलं नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही. मनगट अजून दुखतं.

मग पंखा करकरला, उजेड आला, आणि माझ्या हातात काही नव्हतं. मशीन कुणी बटण न दाबता सुरू झालं. पेनड्राइव्ह उघडून पाहिला तर एकशे बारा नंबर त्यात आलेला होता.

फोटो उघडला तेव्हा पावणेचार झाले होते. कोपऱ्यात गेल्या वर्षीची तारीख, गळ्यात पाटी, कपाळावर पट्टा. बाकीच्या फोटोंत सगळे घोडे सरळ उभे आहेत. हिने एकटीनेच मागचा डावा पाय उचलून खुराचा तळ कॅमेऱ्याकडे केला होता. चिरलेला, अनवाणी, खिळ्याचं एकही भोक नाही. पाय एका हातात होता. तो हात फोटोच्या कडेतून आत आलेला, मनगटापर्यंतच. बारीक हात. अंगठ्याला लाल रिबीन, एक टोक लांब, एक आखूड.

मी गेल्या वर्षी बाजारात नव्हते. मुलींना तिथे जाऊ देत नाहीत.

कडी निघाली. भाईदासकाका आत आले, त्यांच्यामागे आप्पा. मला पाहून आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी विचारलं एवढंच की झालं का कोरं. काका पडद्याकडे बघत उभे राहिले. मग आप्पांनीही पाहिलं. मोरनीला त्यांनी ओळखलं, ते त्यांची मान ताठ झाली त्यावरून कळलं.

"मार ते फॉरमॅट," ते म्हणाले.

"नाही मारणार."

माझा आवाज इतका मोठा आहे, हे मलाच नवीन होतं. पेनड्राइव्ह मुठीत होता. अब्बांची जागा त्या मुठीत होती.

आप्पा म्हणाले, फोटो खोटा आहे, पोरीने बनवला. भाईदासकाका खालच्या आवाजात म्हणाले की फोटो मीच काढला होता, पाटीवरचं अक्षरही माझंच. तेव्हा आप्पा पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि त्यांनी बोट ठेवलं. "मंग हाऊ हात कोना शे?"

"माझा," मी म्हटलं, आणि अंगठा वर केला.

त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. टेबलाखालून हळूच आवाज आला. थप. आप्पा दारातून उलट्या पावलांनी बाहेर गेले. काकांनी प्रिंट काढल्या. एक नाही, सात. पहिली त्यांनी ऑफिसच्या दाराला चिकटवली. मग डिस्क काढून माझ्या हातात दिली. "हाई लई जाय. मन्हा ऑफिसमा नको."

अब्बांनी घरी फोटो बराच वेळ पाहिला. घोडी, खूर, हात. मग विचारलं, "उसने पैर खुद दिया?"

मी मान हलवली.

"तो ठीक है," ते म्हणाले, आणि त्यांनी वर्षभर बंद असलेली पेटी उघडली.

काल, शुक्रवारी, त्यांनी एकच नाल घडवला. लहान, मागच्या डाव्या पायाचा. कुणाचा, विचारलं तर म्हणाले, रहने दे, काम आएगा. तो त्यांनी खिळ्याला अडकवला आहे. त्याखालच्या फळीवर डिस्क आहे, वायर नाही, काही नाही. ती काल दुपारी वाजली. तीन कडक, एक मऊ. अम्मी तेवढा वेळ परसात जाऊन बसली. मी गेले नाही.

आज बाजार. निंबाखालची जागा पहाटेच कुणीतरी झाडून ठेवली होती, अब्बा तिथेच आहेत. मी घरी लिहीत बसले आहे. दुपार झाली, तरी डिस्क अजून वाजलेली नाही. आवाज आज गल्लीतून येतो आहे, आणि जवळ येतो आहे. डोळे मिटले तरी मला सांगता येईल की…

अम्मी हाक मारते आहे. दारात कुणाची तरी काळी घोडी उभी आहे म्हणते, सोबत माणूस नाही, मागचा एक पाय उचलून धरलाय आणि हाकलली तरी हलत नाही. अब्बा तर घरी नाहीत. मी खिळ्यावरचा नाल काढून घेतला आहे, आणि तो कोमट आहे.