सतराव्या पानाची निळी रेष

चोवीस चौकटी, चोवीस काचा, चोवीस पानं. आयर्लंडमधल्या नास गावातल्या त्या छोट्या कलादालनात एकही पान कमी नव्हतं. भार्गवीने यूव्ही टॉर्च फिरवला. तेवीस पानं मळकटच राहिली. सतरावं मात्र निळसर पांढरं चमकलं.

"आजच्या कागदात असं चमकणारं रसायन असतं. ही छापील प्रत आहे," रसायनशास्त्राची ती विद्यार्थिनी म्हणाली.

"मला वाटलंच," सिमोन म्हणाली. सकाळी तिनेच फोन करून भार्गवीला बोलावलं होतं. सिमोनचे वडील, रेमी व्हालकूर, आयरिश बायकोसाठी फ्रान्स सोडून इथे आले आणि शेवटपर्यंत पॅरिसच्या मुलांच्या साप्ताहिकाला पोस्टाने चित्रकथा पाठवत राहिले; ही चोवीस पानं त्यातलीच. "चौकटी डेक्लनने केल्या. त्याचं काम मी काढून घेतलंय. आता पोलिसांना कळवते."

म्हातारा डेक्लन टोपी हातात धरून उभा होता.

"पानं तुमच्याकडे कोणी आणली?" भार्गवीने विचारलं.

"तुझ्या भावाने, पुस्तकासाठी स्कॅन करून झाल्यावर. सगळी ग्रँड, एकदम ठीक दिसत होती, पोरी."

"ताई, पानांजवळ हा एकटाच होता ना," अद्वय घाईने म्हणाला. "उगाच शेरलॉकगिरी कशाला? सोड ना यार."

भार्गवीने भिंग उचललं. "सिमोन, तुमचे वडील आधी कशाने काढायचे?"

"फिक्या निळ्या पेन्सिलीने. वरून काळी शाई. निळं खोडत नसत. त्या काळच्या छपाईच्या कॅमेऱ्याला ते दिसायचंच नाही."

तेवीस पानांवर शाईखाली निळ्या रेषा होत्या. सतराव्यावर एकही नव्हती. भार्गवी भावाकडे वळली.

"अद्वय, पुस्तकाच्या फाइल्स कोणाकोणाकडे आहेत?"

"माझ्याकडेच. अजून साफ करतोय."

"साफ म्हणजे काय करतोस?"



"स्कॅनमधलं निळं पुसतोस," भार्गवी म्हणाली. "डेक्लनकडे फक्त कागद होता. त्याने आजच्या रंगीत यंत्रावर प्रत काढली असती, तर निळ्या रेषाही आल्या असत्या. ही प्रत साफ केलेल्या फाइलवरून निघालीय. ती फाइल एकट्या तुझ्याकडे आहे."

"पानावर वरणाचं पातेलं कलंडलं, ताई. साबणाने पुसायला गेलो, तर हळद लालभडक झाली. मी घाबरलो. पान टाकवेना म्हणून कपाटात लपवलं आणि त्याजागी प्रत छापून दिली."

"आणि यांच्यावर आळ आला तेव्हा?"



"सकाळी माझ्याशी हात मिळवलास तू," डेक्लन हळूच म्हणाला.

भार्गवीला डेक्लनकडे बघवेना. "ही चूक आमच्या घरातली आहे," ती सिमोनला म्हणाली.

अद्वयच्या सँडीफोर्डमधल्या फ्लॅटमधून मूळ पान आलं. सिमोनच्या परवानगीने भार्गवीने साबणाचा अंश काढला. डाग पुन्हा पिवळा झाला. हळद लागलेला कपडा उन्हात टाकतात, तसं तिने ते प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली ठेवलं आणि रंगमापकाने दोनदा मोजलं.

डागाचा पिवळेपणा आधी एकेचाळीस, नंतर सहा.