जागेश्वरची जीभ

दर रविवारी दुपारी इंदोऱ्यात प्रेमानंदच्या झेरॉक्सच्या दुकानात आमचा बाजार भरतो. बाजार कसला, चार म्हातारे, एक टेबल आणि बायकांनी घराबाहेर काढलेलं भंगार. कोणाजवळ जॉर्ज राजाचा आणा, कोणाजवळ भोकाचा पैसा. प्रेमानंद तिकिटांचा माणूस. बाबासाहेबांवर निघालेली तिकिटं तो चिमट्यानं अशी उचलतो, जसं काही कालच जन्मलेलं लेकरू. त्याच्या टेबलाजवळ शिंकलं तर आठवडाभर बोलत नाही. मी मुद्दाम शिंकतो.

मी देवराव. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. पण एक विद्या मला पक्की येते. खोटी नाणी करायची. विकायला नाही हो, पोलिसाला फोन लावू नका. गमतीसाठी. तांब्याचा जाड तुकडा ठोकायचा, त्यावर वाकडीतिकडी अक्षरं उठवायची, चिंचेच्या पाण्यात ठेवायचा, मग उकिरड्यात पुरून विसरून जायचं. पुढच्या उन्हाळ्यात काढला की भोसल्यांच्या काळचा पैसा तयार. तो हळूच कोणाच्या तरी डब्यात टाकायचा आणि त्याचं नाचणं पाहायचं. या वयात याहून स्वस्त करमणूक नाही.

सगळे फसले. एक जागेश्वर सोडून.

जागेश्वर जातीचा विणकर. हातमाग गेला, मग आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. त्याला नाणं दिलं की तो ना भिंग घ्यायचा, ना वजन करायचा. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून यायचा आणि नाणं जिभेवर ठेवायचा. डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "देवऱ्या, चिंच लागून राहिली रे गाढवा." झालं, माझी वर्षभराची मेहनत टेबलावर ओली पडलेली.

त्याचा स्वतःचा एक पैसा होता, खरा भोसल्यांचा. त्याच्या आजाला मागाचा खड्डा खोदताना सापडलेला. तो त्यानं कधी कोणाला विकला नाही, हातात दिला तरी डोळा तिथंच. घरी सांगून ठेवलं होतं, "मी मेलो की तोंडात सोनं घालू नका. माझा पैसा घाला."

यंदा पोळा झाला आणि जागेश्वर गेला. झोपेतच.

अंगणात तिरडी बांधणं चालू होतं. रुख्माबाई वहिनींनी पदराच्या गाठीतून तो पैसा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "भाऊजी, तुमीच ठेवा त्यायच्या तोंडात. तुमचा दोस्त."

आता ऐका. माझ्या सदऱ्याच्या खिशात माझा एक पैसा नेहमी असतो. तेव्हाही होता. मी दुःखात होतो, खोटं सांगत नाही. पण हात काही दुःखात नव्हता. हाताला वाटलं, शेवटची संधी आहे. आणि दुसरं असं वाटलं, की एवढी चीज जाळायची कशाला. यातलं पहिलं कोणतं वाटलं ते मला विचारू नका. मी स्वतःला रोज विचारतो.

मी वाकलो. हनुवटीचं फडकं जरा सैल केलं. ओठांतून खर्ऱ्याचा वास येत होता, अजून. खोटा पैसा त्याच्या दातांच्या मधे धरला आणि मनात म्हटलं, घे, सांग आता. मी ढकलला नाही. नाणं आपोआप आत सरकलं. जीभ हलली असं मी म्हणत नाही. सरकलं, एवढंच.

राख सावडायला गेलो तेव्हा पैसा कुठं मिळाला नाही. त्याची पोरगी अंजू म्हणाली, "वितळला असंल, काका." मी मान हलवली. तांबं असं चितेवर वितळून वाहून जात नाही, हे मला माहीत होतं. तरी मान हलवली.

घरी माझ्याजवळ बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. खरी नाणी, खोटी नाणी, सगळी एकातच. बायको माहेरी उमरेडला गेलेली, घरात मी एकटा. एका दुपारी जेवून आडवा झालो होतो. पंखा बंद, लाईट गेलेली. घरात काहीतरी वाजत होतं... बारीक, ओलं. कोणी आवळासुपारी चघळावी तसं. उंदीर असेल म्हणून उठलो, डबा उघडला.

खरी नाणी एका बाजूला, कोरडी. खोटी दुसऱ्या बाजूला. सगळी ओली. आणि डब्यातून खर्ऱ्याचा वास आला.

मी हसलो. देवाशपथ, पहिले हसलोच. म्हटलं कोणीतरी माझ्यावर माझीच विद्या चालवून राहिलं. नाणी पुसली, पुन्हा मिसळून ठेवली, डबा गादीखाली घातला आणि वर बसून राहिलो. बसल्या बसल्या खालून तोच आवाज. उठून पाहिलं तर पुन्हा निवडलेली. पुन्हा ओली. या वेळी गरम होती.

मग मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून तोंडाला चव राहिली नाही. चहा प्यायलो तरी तांबं, भाकर खाल्ली तरी तांबं. मला कळत होतं त्याला काय पाहिजे. सकाळी उठलो, आंघोळ केली, खरा पैसा मुठीत धरला आणि त्याच्या घरी गेलो. ठरवलं, वहिनींच्या पायावर डोकं ठेवायचं, जे केलं ते सांगायचं, माफी मागायची. जन्मभर इतक्यांच्या टोप्या उडवल्या, पण कोणाची माफी मागायचा सराव नाही. रस्ताभर वाक्य पाठ करत गेलो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी जमिनीवर बसलो, मूठ उघडली आणि सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, तब्येत बरी नाही का तुमची?"

"काहून?"

"कालच तर सांगून गेले ना तुमी हे. इथंच बसून. असेच."

मी म्हटलं, "काल मी घरीच होतो, वहिनी."

"काका, मस्करी नका करू," अंजू आतून म्हणाली. "किती रडले तुमी काल. आईचे पाय सोडत नव्हते. आन् दोनदा बाहेर गेले खर्रा थुंकायले."

मी खर्रा खात नाही. कधीच खाल्ला नाही. हे त्या दोघींनाही माहीत आहे.

"पैसा...?" मी कसंबसं विचारलं.

"तुमीच म्हणाले, पैसा माझ्याजवळच राहू दे. मले फक्त माफी पाहिजे." वहिनींनी पुन्हा सूप हातात घेतलं. "मी देऊन टाकली. मनापासून दिली, भाऊजी."

"मले द्या ना, वहिनी. आज... अजून एकदा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कपाळापासून पायापर्यंत, जसं जागेश्वर एखादं नाणं पारखायचा. मग अंजूला म्हणाल्या, "दार लाव वं."

पैसा माझ्याचजवळ आहे. नदीत टाकायला खाप्याला गेलो होतो. कन्हानच्या काठावर मूठ काही उघडली नाही. हे मी हौसेनं सांगत नाही.

तेव्हापासून कुठंही गेलो की आधी विचारतो, मी येऊन गेलो का? किराणावाला हसतो, रिक्षावाला हसतो. म्हणतात, म्हातारा नवीन खोडी शिकला. जन्मभर केलेल्या मस्कऱ्यांचं हे फळ. आता खरं बोललं तरी लोक टाळ्या देतात.

या रविवारी दुकानात गेलो. दुसरे कोणी आले नव्हते. प्रेमानंद पाण्याच्या थाळीत जुन्या पाकिटांचे तुकडे भिजवून तिकिटं सोडवत होता. मी दारातूनच विचारलं, "प्रेमानंद, मी येऊन गेलो का गा?"

तो हसला नाही. वरही पाहिलं नाही. चिमट्यानं एक तिकीट उचललं.

"बोल ना गा," मी म्हटलं. "काहून बोलत नाही?"

त्यानं तिकीट हळूच पाण्यात सोडलं.

"तुमीच सांगून गेले, देवराव," तो अगदी हळू म्हणाला. "म्हणे, थोड्या वेळानं एक जण येईल... अगदी माझ्यासारखा दिसंल. हेच विचारंल. त्याले उत्तर देऊ नको."