महादरवाजाचा कंदील

सोनजाईगडाच्या बुरुजांवर धुकं रेंगाळत होतं, नौबतखान्यातला नगारची डोळे चोळीत उठत होता, आणि महादरवाजावरचा ग्यासचा कंदील मात्र अजून टक्क जळत होता. खाली शिडीला टेकून केरोशेठ वडके उभे होते. जातीचे तांबट. उमेदीत मुंबईस जाऊन तिथल्या रस्त्यांवरचे दिवे मान मोडेस्तोवर पाहून आले, आणि एरंडेल तापवून ग्यास काढायची भट्टी नि पितळी कंदिलांचा कारखाना त्यांनी संस्थानात उभा केला. लोक तेव्हा फिदीफिदी हसले. पुढं त्याच उजेडात पानं चघळीत बसू लागले. लोकांचं काय घेऊन बसलात!

बायको पटकीत गेली, मूलबाळ नव्हतं. कारखाना आणि महाराज, एवढाच त्यांचा गोतावळा. महाराजही त्या वेळी एकटेच असत. रोज झरोक्यात येऊन विचारीत, "केरोशेठ, उजाडलं का?" आणि "उजाडलं, महाराज," म्हणून केरोशेठ कंदिलाची चावी फिरवीत. दिवसभरात त्यांच्याशी कामावाचून कुणी बोललेलं असं तेवढंच.

त्या दिवशी झरोक्यात महाराजांची शाल दिसली, पागोटं दिसलं, हात हलला. पण शब्द नाही. केरोशेठ थांबले. हात पुन्हा हलला, जरा घाईनं. महाराज काल संध्याकाळपासून तापानं अंथरुणाला खिळल्याची कुजबुज होतीच.

एवढ्यात दिंडीदरवाजातून खुद्द दिवाण अंतोजीपंत बाहेर आले.

"कंदील मालवावा, केरोशेठ. सरकारांना बोलवत नाही."

"सरकार गेले, पंत. झरोक्यात त्यांची शाल पांघरून दुसराच कुणी उभा आहे."

दिवाणांनी इकडंतिकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. "शहाणे आहात. युवराज सरहद्दीच्या छावणीत आहेत; आमची माणसं त्यांना कैद करायला निघाली आहेत. तोवर गावाला कळता कामा नये, नाहीतर पागेचे स्वार त्यांच्या मदतीला धावतील. आपण रोजच्यासारखा दिवा मालवून घरी जावं. कारखाना वंशपरंपरा आपला... वंश नाही म्हणा, हयातभर तरी आपला. तोंड उघडलंत तर आजच भट्टीवर गाढवाचा नांगर फिरेल."

मशालींच्या काळापासूनची संस्थानाची एक रीत होती, बरं का: राजा निवर्तला की महादरवाजाचा दिवा ज्यानं घडवला त्यानंच उतरवायचा, तोंड खाली करून तांबट आळीत न्यायचा, आणि तो दिसताच आळीतले हातोडे थांबवायचे. दिवाणांना ती ठाऊक असणार कुठून? ते परमुलखातले, आणि त्यांच्या कारकिर्दीत महाराज एकदाही मेले नव्हते!

केरोशेठ शिडी चढले. चावी फिरवली. मग कंदील उतरवला, त्याचं तोंड जमिनीकडं केलं.

"हे काय चालवलंय?"

"भट्टी माझी आहे, पंत. तिचं काय करायचं ते करा. दिवा सरकारांचा आहे."

आणि ते उताराला लागले. ओरडावं तर गाव जागं होणार, म्हणून दिवाणांनी नुसत्या खुणेनं शिपाई मागं सोडले. म्हाताऱ्याला पळता येत नव्हतं. पळण्याची रीतही नव्हती. आळीच्या तोंडाशी शिपायानं बंदुकीचा दस्ता खांद्यावर घातला, हाड मोडलं, केरोशेठ गुडघ्यांवर आले. पण कंदील छातीशी घट्ट धरलेला होता आणि आळीनं तो पाहिला होता.

एक हातोडा थांबला. मग शेजारचा. मग सगळे. वर्षानुवर्षं त्या ठणठणाटात बिनघोर झोपणारं गाव शांततेनं दचकून उठलं, आणि बायाबापड्या रडत रस्त्यावर आल्या. केरोशेठांच्या तोंडून दिवाणांचा बेत कळला, आणि सूर्य वर येण्यापूर्वी पागेचे स्वार सरहद्दीकडं उधळले. युवराज वाचले. अंतोजीपंत पळाले, मात्र जाता जाता भट्टीवर कुऱ्हाडी घालायला विसरले नाहीत.

नव्या महाराजांनी केरोशेठांना शेला-पागोटं दिलं, भट्टी पुन्हा बांधून दिली. मोडक्या खांद्यानं त्यांनी महादरवाजासाठी नवा कंदील घडवला, पहिल्याहून देखणा. नवे महाराज भले माणूस, पण तरुण, उशिरा उठत.

केरोशेठ पहाटे शिडीपाशी येत आणि झरोक्याकडं बघत उभे राहत. ऊन बुरुजावर येई, कंदील फिका पडे, बाजारात जाणारे म्हणत, "शेठचं वय झालं, ग्यास फुकट घालवतात." वर कुणी येत नसे.

मग ते आपणच, कुणी विचारल्यासारखं, म्हणत, "उजाडलं, महाराज," आणि चावी फिरवीत.