जाळ्याचं दुसरं टोक

कुंताबाई मोहाडीच्या बाजारात कांदे निवडत होती, तेव्हा तिला ही बातमी कळली. सन त्र्याऐंशीचा मे महिना. उन्हाचा असा तडाखा की पालाखाली मांडलेल्या भाजीनं सकाळीच मान टाकलेली. तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रक कचकन थांबला आणि केशवरावांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून आरोळी ठोकली, "कुंताबाई! भोजराजले सांगा, आपली बोडी उघडी पडली!"

कुंताबाईनं कांदे तसेच तागडीत टाकले आणि पदर खोचून घराकडे धूम ठोकली.

केशवराव आता तुमसरला धानाची गिरणी चालवत होते, पण मूळचे जांभुळटोलीचे. कुंताबाई आणि तिचा नवरा भोजराजही तिथलेच. नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला हे गाव होतं. धरण बांधलं गेलं आणि घरं, धानाच्या बांध्या, देवळाचा ओटा, सगळं पाण्याखाली गेलं. माणसं चिंचोक्यांसारखी विखुरली. कुणी तुमसरला, कुणी जवाहरनगरच्या फॅक्टरीत मजुरीला, आणि काही घरं मोहाडीच्या बाहेर वसवलेल्या वस्तीत.

त्या वर्षी मात्र धरण इतकं आटलं की गावाच्या जुन्या बोडीची, म्हणजे तलावाची, पाळ पाण्याबाहेर आली. अख्खी पाळ, होती तशी. आणि पाळीच्या आत बोडीचं स्वतःचं पाणी तसंच अडून राहिलेलं.

"धरणाच्या पोटात बोडी!" भोजराज खाटेवरून उडी मारूनच उठला. "आन् बोडीच्या पोटात काय हाये, मालूम हाये का तुले?"

"मासोळ्या. अजून काय राहीन?"

"अवं, अख्ख्या धरणाच्या मासोळ्या! बाहेरचं पाणी उथळ, चहावानी तापलं असन. मासोळी गारवा पायते. आपल्या बोडीत तुडुमापाशी दोन पुरुस खोल हाये. पाणी उतरता उतरता सारा माल तिथं येऊन बसला असन!"

तुडुम म्हणजे पाळीखालून शेतात पाणी सोडायची जुनी मोरी. तिथला डोह भर उन्हाळ्यातही थंडगार असायचा. भोजराजनं आढ्यावरून ओढजाळं काढलं. लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना बांबूची एकेक काठी. एका काठीला एक माणूस, दुसरीला दुसरा. दोघांनी पाण्यातून सारख्या चालीनं जाळं ओढत न्यायचं. काठ्या हातात घेतल्या आणि भोजराजनं दुसरी काठी पुन्हा खाली ठेवली.

दुसरं टोक नेहमी ईश्वरचं असे.

ईश्वर शेजारचाच. लहानपणापासून दोघांनी त्या बोडीत एकत्र जाळं ओढलं होतं. कुणी कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही, पाऊल बरोबर पडायचं. नव्या वस्तीत आल्यावर ईश्वरचं मन कुठं लागलंच नाही. दुसऱ्याच वर्षी काविळीनं गेला. त्याच्या बायकोनं, सत्यवतीनं, त्याची राख नेऊन धरणाच्या पाण्यातच सोडली, जिथं खाली गाव होतं तिथं. तेव्हापासून सत्यवती कामापुरतं बोलायची. हसायची तर नाहीच.

"मी कायले येऊ?" कुंताबाई बोलवायला गेली तेव्हा ती म्हणाली. "तिथं माझं काय राहिलं हाये?"

"तुही चूल तं असन. चाल, पाहू सापडते का."

सत्यवतीनं उंबऱ्याकडे पाहिलं. मग उठली आणि तांदळाचं गाठोडं बांधायला लागली.

केशवरावांनी ट्रक दिला. धानाची पोती वाहणाऱ्या त्या ट्रकात वाटेवाटेनं जांभुळटोली चढत गेली. जो चढे त्याच्या नावानं आरडाओरडा होई, म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडत, आणि टिकाराम नावाचा जाडजूड गडी प्रत्येकाला सांगत होता की आज मरळ धरीन तर मांजराएवढी नाही, वासराएवढी धरीन.

उजाडता उजाडता धरणावर पोचले. चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झालेल्या. पालवी नसलेली काळी झाडं उभी. आणि मधोमध बोडी, सकाळच्या उजेडात पितळेच्या परातीसारखी. मग चंद्रभागाबाई, सगळ्यांत म्हातारी, काठी फेकून चिखलातून चालत सुटली आणि एका दगडावर फतकल मारून ओरडली, "हा माहा उंबरठा! कोणी येऊ नका आत, चपला काढा आधी!"

जो तो आपापलं घर शोधू लागला. हसणं आणि रडणं एकत्रच चाललं होतं. सत्यवतीला तिच्या चुलीचे दोन दगड सापडले. ती त्यांच्यापाशी बसली आणि पदरानं त्यांच्यावरचा गाळ पुसत राहिली.

पुरुष पाण्यात उतरले. ईश्वरचं टोक टिकारामनं धरलं. चार पावलं नीट गेली, पाचव्याला त्याचा पाय गाळात रुतला आणि तो जाळ्यासकट पालथा पडला. वर आला तर डोक्यावर शेवाळ आणि सदऱ्यात झिंगे वळवळताहेत. काठावरच्या बाया पोट धरून हसल्या.

"अबे, तू मासोळी धरून राहिला का मासोळी तुले?" भोजराज ओरडला.

तरी रोहू मिळाले, झिंगे मिळाले, एक बरीशी मरळ मिळाली. पण ऊन चढलं आणि पाण्याचा वरचा थर कोमट झाला, तसं मासळीनं तळ गाठला. जाळं रिकामं येऊ लागलं. ईश्वरच्याच चुलीवर रस्सा शिजला, भात झाला, सगळे पोटभर जेवले. मग ट्रकच्या आडोशाला ताडपत्री बांधून सगळे तिच्याखाली आडवे झाले.

कुंताबाई भांडी घेऊन पाळीच्या कडेला बसली. दुपार अगदी टळटळीत. वाऱ्याची झुळूक नव्हती. तापलेल्या गाळाचा, खवल्यांचा, जुन्या शेवाळाचा वास हवेत जड होऊन बसलेला. सकाळपासून टिटवी ओरडत होती, तीही गप्प झाली. अशा वेळी पाण्यात उतरू नये, असं तिची आजी सांगायची. दुपारचं पाणी माणसाचं नसतं म्हणायची.

तेवढ्यात तिला हसू ऐकू आलं. भोजराजचं. तुडुमाच्या बाजूनं.

"...हां, तिकडून दाब. हळू... हळू... आता वळव..."

तो ताडपत्रीखाली नव्हता तर! टिकारामला उठवून पुन्हा पाण्यात शिरला वाटतं, असं मनाशी म्हणत कुंताबाई पाळीवर चढली.

भोजराज छातीभर पाण्यात होता. हातात जाळ्याची काठी. चेहरा पोराच्या चेहऱ्यासारखा उजळलेला. त्याच्यापासून जाळं पाण्यातून दूरवर ताणलेलं होतं, सरळ, टच्च. आणि पलीकडच्या टोकाला बांबूची काठी पाण्यात उभी होती. उभी होती आणि चालत होती.

काठीला हात नव्हता.

भोजराजनं पाऊल टाकलं की ती पाऊल टाकी. तो थांबला की थांबे. मध्येच ती जराशी वाकायची, माणूस चिखलातून पाय उपसताना वाकतो तशी. आणि जाळ्याच्या पोटात पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. रोहू, मरळ, हातभर लांब मासे चांदीसारखे उसळत होते.

कुंताबाईनं मागं वळून पाहिलं. ताडपत्रीखाली टिकाराम तोंड उघडं टाकून घोरत होता.

"आवो..." तिनं हाक मारली. "आवो, बाहेर या..."

"थांब वं!" भोजराजनं मान वळवली नाही. "आता कायले बोलावतं? किती दिसांनी जमलं हाये. पाह्य, पाऊल कसं बरोबर पडून राहिलं..."

"कोणाचं पाऊल... आवो, कोणासंगं बोलून राहिले तुमी?"

तो फक्त हसला. आणि दुसरी काठी सावकाश वळली. काठाकडे नाही, तुडुमाकडे. डोहाकडे. भोजराजही तसाच वळला. पाणी त्याच्या खांद्यांना लागलं, मग गळ्याला.

कुंताबाई नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात घुसली. वर कोमट, खाली बर्फासारखं. तिनं भोजराजची काठी दोन्ही हातांनी पकडली आणि पाय गाळात रोवले. पलीकडून ओढ आली. आणि त्या ओढीनंच तिच्या अंगावर काटा आला, कारण ती पाण्याची नव्हती, मासळीचीही नव्हती. जरा ओढ, जरा ढील, पुन्हा ओढ. कुणीतरी चेष्टेनं, आपुलकीनं म्हणत होतं, चल ना... अजून थोडं... चल.

सगळ्यांत भयंकर हे की भोजराजच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. पाणी हनुवटीशी आलं होतं आणि त्याच्याइतका सुखी माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"सोडा... पाया पडते, सोडा ती काठी..."

"आपल्या बोडीत आलो न कुंते... आता कायले सोडू?"

"आवो, आइकता का?"

हा आवाज पाळीवरून आला. मोठा नव्हता. रोजच्या जेवणाला हाक मारावी तसा. सत्यवती कमरेवर हात ठेवून उभी होती. ती भोजराजकडे पाहत नव्हती. पलीकडच्या काठीकडे पाहत होती.

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "भोजराजभाऊले सोडा. त्याचे लेकरं हायेत. दुपार टळून गेली, जेवाचं भान नाई तुमाले. भात निवून राहिला."

काठी थांबली.

पाण्यावर एक तरंग उठला नाही. मग ताणलेलं जाळं ढिलं पडलं आणि ती काठी, चुकलेल्या माणसानं मान खाली घालून यावं तशी, हळूहळू काठाकडे येऊ लागली. गाळात तिच्यापुढे पचपच आवाज होत होता. उथळ पाणी आलं, काठ आला. सत्यवतीच्या पावलांपाशी काठी अलगद आडवी झाली. पडली नाही, कुणी खाली ठेवावी तशी.

सत्यवती वाकली आणि तिनं बांबूवरून हात फिरवला. "हात तं पाहा," ती पुटपुटली, "किती गार झाले."

कुंताबाईनं भोजराजला जाळ्यासकट ओढून बाहेर काढलं तेव्हा तो झोपेतून उठल्यासारखा इकडे तिकडे बघत होता. "मले वाटलं टिकाराम हाये," तो म्हणाला. "पण चाल त्याची नोहती. मंग समजलं, चाल कोणाची हाये ते. भेव नाई वाटलं, कुंते. खरंच नाई वाटलं." आणि एवढ्या उन्हात तो कुडकुडू लागला.

या गडबडीनं सगळे जागे झाले. जाळ्यातली मासळी पाहून टिकाराम तर मटकन खालीच बसला. "अबे, एकट्यानं एवढं ओढलं?"

भोजराजनं सत्यवतीकडे पाहिलं. "एकट्यानं कुठं?"

आणि सत्यवती हसली. गावानं तिला इतक्या वर्षांनी हसताना पाहिलं, मोकळं, सासरी नवी आली होती तेव्हासारखं. का हसली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिच्याबरोबर सगळेच हसू लागले. चुली पुन्हा पेटल्या. चंद्रभागाबाईनं आपल्या उंबरठ्यावर बसून जुनी लग्नातली गाणी काढली. दोन म्हातारे एका विळ्यावरून तरुणपणी झालेलं भांडण विसरून एका पत्रावळीवर जेवले. सत्यवतीनं वेगळी पत्रावळ वाढून पाळीवर ठेवली. ती कुणासाठी हे कुणी विचारलं नाही, आणि निघताना कुंताबाईनं तिकडे पाहिलं नाही. उन्हं उतरली तसा ट्रक निघाला. मागं बसलेली सगळी जांभुळटोली गात होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज सत्यवतीचा होता.

मृग लागला, पाऊस बरसला, बोडी पुन्हा धरणाच्या पोटात गेली. पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. कुंताबाईनं ती भोजराजलासुद्धा सांगितली नाही.

ट्रिपनंतर दोन-चार दिवसांतली सकाळ. वस्तीतली विहीर आटलेली. घागरभर पाण्यासाठी बाया फर्लांगभर चालायच्या, आंघोळीलाही पाणी मोजून मिळायचं. कुंताबाई शेण टाकायला परसात गेली तर एकट्या राहणाऱ्या सत्यवतीच्या कुंपणावर एक धोतर वाळत घातलेलं. पुरुषाचं. त्यातून पाणी निथळत होतं आणि खालची भेगाळलेली जमीन ते गटागटा पीत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

आत सत्यवती गुणगुणत होती. चुलीवर भात रटरटत होता. तिच्या गालांवर अलीकडे तजेला आला होता, आणि वस्तीतल्या बाया म्हणत, बरं झालं, बाई सावरली.

तिसऱ्या सकाळी कुंताबाईला राहवलं नाही. ती कुंपणापाशी गेली. धोतराला गाळाचा आणि जुन्या शेवाळाचा वास येत होता. तिनं भीत भीत त्याचा काठ चिमटीत धरला. तो बर्फासारखा गार होता. आणि काठाच्या दुमडीतून एक इवलासा झिंगा टपकन तिच्या तळहातावर पडला, शेपटी आपटत, टुणकन उडत.

जिवंत.