आत वळलेले हातमोजे

सकाळी साडेनऊला तिने नेहमीसारखं प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. नवा लेप टिकतो का ते पाहायला मुद्दाम दमट कपाटात आठ दिवस ठेवलेल्या प्लेटा आज बाहेर काढायच्या, एवढंच काम. एक्स-रेचं चित्र टिपणाऱ्या या प्लेटा भारी नाजूक. हवेतला ओलावा लागला की लेपावर डाग पडतात, मग कारभार आटोपला. नवा लेप टिकला, तर तान्ह्या बाळांना अगदी थोड्या किरणांत तपासता येणार होतं.

तिने ठेवलेल्या सहाही प्लेटा डागाळल्या होत्या. पण कपाटात सातवीही होती, आणि ती लख्ख होती.

"ही कोणी केली?"

"कोणी का करेना," मागोमाग आत आलेले साहेब म्हणाले. "एक वाजेपर्यंत अशीच दुसरी करून दाखवा. नाहीतर हे काम आजच बंद."

लेपाचं काम पूर्वी इथल्या जुन्या तंत्रज्ञाचं, सगळे त्यांना काका म्हणायचे. कोरडा वायू भरलेली काचेची पेटी, तिला बसवलेले लांब रबरी हातमोजे, त्यांत बाहेरून हात घालायचे. रिकामे असले की आतल्या दाबाने ते खोलीकडे फुगून उभे राहत. काकांच्या तळव्यांना सदा घाम. "ताई, ओलाव्याशी वैर माझं, आणि फिरतोय त्यालाच हातात घेऊन!" म्हणत खदखदून हसायचे. एकदा मोजा फाटला, घाम आत गेला, प्लेट बिघडली. बिचाऱ्यांनी फार मनाला लावून घेतलं. "टिकणारी करून दिल्याशिवाय मी हलत नाही," म्हणाले. महिनाभरात गेलेच.

ती पेटीपाशी आली. खोलीत चिटपाखरू नव्हतं. मोजे आत वळलेले होते, बोटं भरलेली.

"काका...?"

तिला रडूही आलं आणि भीतीही वाटली. घड्याळात बारा वाजले होते. तिने डोळे मिटून हात घातले.

मोजे आतून गरम होते... ओले होते. लेप एकसारखा पसरत गेला.

तिने हात बाहेर ओढले. मोजे आतच राहिले. त्यांनी लेपाच्या बाटलीचं बूच उचललं आणि सावकाश लावलं. ते लावायला ती नेहमी विसरायची.

तिच्या तळव्यांवरचा घाम तिचा नव्हता.

काम बंद झालं नाही. ती प्लेट आज तीन वर्षं बाळांच्या वॉर्डात आहे, एक डाग नाही. काकांचा शब्द तर पुरा झाला. मग ते अजून का थांबलेत, तिला कळत नाही. कोणी नवीन आलं की ती हळूच एवढंच सांगते,

"आधी मोजे बघायचे. आत वळलेले असतील, तर जरा थांबायचं... त्यांचं होऊ द्यायचं."