चौकातली जन्मतारीख

नानाजी आले ते थेट सुलोचनाबाईंपुढे फोन धरून उभे राहिले.

"बाई, माह्या पोरीचा, भावनाचा अर्ज कोनं तरी बदलवला. आज पाच वाजेलोक नीट झाला नाई, तं तिचं नागपूरचं नर्सिंग गेलं समजा!"

सुलोचनाबाई थूल पुलगावात खाजगी तपासाची कामं घेत. भाचा अश्वजित त्यांची स्कूटर चालवी आणि चुकीच्या माणसावर संशय घेण्याचं कामही नेमानं करी.

फोनवर सोमवारचे तीन मेसेज होते. नानाजींनी ते जाहिरात समजून सोडले होते. ११.४० : जन्मतारीख जुळली नाही. ११.५५ : पासवर्ड बदलला. ११.५८ : पहिली पसंती नागपूरऐवजी पुलगाव.

"अर्जाचा क्रमांक आन् जन्मतारीख देल्ली की पासवर्ड बदलता येते, पन एकदाच," बाई म्हणाल्या. "आता नवा पासवर्ड ज्यानं ठेवला, त्याच्याच तोंडून काढा लागते."

दीड वाजला होता.

नानाजींच्या गावी, नाचणगावच्या चौकात भावनाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. कोपऱ्यात अर्जाची पावतीच छापलेली, क्रमांकासकट. अश्वजितनं मोठ्यानं वाचलं, "जन्मतारीख पाच जून."

"ते शाळेतली," नानाजी ओशाळले. "खरी वीस ऑगस्ट. पहिलीत वय कमी पडत होतं, म्हून गुरुजींनी मागं नेली. घरात वीस ऑगस्टच. हे काय कोनाले सांगाले जाते?"

ऑनलाइन केंद्रवाला निकेश बेफिकीर होता. "अर्ज मीच भरला. पासवर्डही मीच ठेवला, नाव आन् एक-दोन-तीन. सगळ्यायचा तसाच ठेवतो, लोकं विसरतात."

"भावनाचा वाढदिवस कधी?" बाईंनी विचारलं.

"अर्जात हाय ना, पाच जून."

अश्वजितनं मावशीला कोपर मारलं. हाच तो!

फ्लेक्स छापणाऱ्या प्रफुल्लनंही पाच जूनच सांगितली. "नानाजींनी पावती देल्ली, मी छापली. लोकं तं फोटू काढून राह्यले!"

अश्वजितचा संशय लगेच प्रफुल्लवर सरकला.

शेजारची दीपमाला भावनाची बालमैत्रीण. तिचा प्रवेश पुलगावला पक्का झाला होता.

"वाढदिवस? वीस ऑगस्ट! दर साली केक मीच आणतो."

साडेतीनला बाईंनी सगळ्यांना नानाजींच्या ओसरीवर बसवलं.

"निकेशनं हे केलं नाई," त्यांनी सुरुवात केली. "पासवर्ड त्यानंच ठेवलेला. कुलपाची किल्ली खिशात असताना तो दार काऊन फोडंन?"

"मग प्रफुल्ल!" अश्वजित म्हणाला.

"त्यानं पावती छापली. त्याले पाच जूनच ठाऊक. नानाजींले दोन्ही तारखा ठाऊक. यायच्यापैकी कोनीच चुकलं नसतं. पन हे करणारं पहिल्यांदा चुकलं. म्हंजे त्याले घरातलीच तारीख माहीत होती. मग पंधरा मिनिटं गेली. इथून चौकात जाऊन फ्लेक्स वाचून परत याले तेवढेच लागतात."

वीस ऑगस्टचा केक कोण आणतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दीपमाला रडायला लागली. "फक्त अर्जाच्या क्रमांकाचाच फोटू होता माह्यापाशी. तारीख पाह्याले मंग पुन्हा चौकात गेलती. बालवाडीपासून सोबत हावो आमी, बाई. मले एकटीले राह्याचं भेव वाटलं."

भावनाचे डोळे भरले, पण आवाज कडक होता. "मले म्हनली असती, तं मी थांबली नसती. पन सांगितलं असतं, काऊन जातो ते. तू माह्या घरात न विचारता शिरली, दीपे."

दीपमालानं पासवर्ड सांगितला. चारला दहा कमी असताना नागपूर पुन्हा पहिल्या जागी आलं, आणि अश्वजितनं इतका मोठा सुस्कारा सोडला की मावशीनं त्याच्याकडे डोळे वटारले.

"आता नवा ठेव," बाई म्हणाल्या. "वाढदिवस नाई, नाव नाई. आन् कोनालेच सांगू नको. मलेही नाई."

निकेश खाली मान घालून म्हणाला, "मीही आता पासवर्ड ज्याचा त्यालेच टाकाले लावतो." नानाजी कात्री शोधत होते, फ्लेक्सचा तो कोपरा कापायला.

भावनानं फोन हातात घेतला. दीपमाला उठली आणि कोणी न सांगता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"झालं का वं?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"झालं," भावना म्हणाली. "फिर इकडं आता. शनिवारी नागपूरहून येतो मी. गाडीवर घ्याले येजो."